पॉलिशचं पाणी

दगडूला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काळुराममामा ठाण्याहून आले, तेव्हा घरात कोणी जेवलेलं नव्हतं. चुलीवर भात तसाच गार होत होता. थोरली सून तुळसा हिने मामांना पाय धुवायला पाणी दिलं आणि ती दाराच्या आड उभी राहिली.

मामा पाय धुऊन पडवीत आले आणि पलंगाशी थबकले. कळव्याच्या पाटलांच्या मुलीच्या लग्नासाठी शिसवीचा पलंग, एक कपाट आणि कणीक मळायच्या अकरा काठवटी अशी ऑर्डर होती. पलंगाची डोक्याकडची फळी आरशासारखी चमकत होती. पाय अजून कोरडे, भुरकट होते. काठवटी भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेल्या. त्या थोरल्या भाच्याने, विश्रामने, अखंड लाकडातून कोरलेल्या, वाकसाचा एक घावही दिसू नये इतक्या गुळगुळीत. त्यांना पॉलिश लावायचं नसतं. खाण्याची वस्तू म्हणून नुसतं खोबरेल मुरवायचं.

"काम छान झालंय," मामा म्हणाले. मग आपण कुठल्या घरात कशासाठी आलोय ते आठवून गप्प झाले.

"बस काळू," त्यांची बहीण आवडाबाई म्हणाल्या. "चार वाजता फौजदार येणार आहे. तुझ्या वकिलाला काही विचारलंस का?"

"वकिलाला काय विचारू ताई? मला आधी खरं काय ते कळू दे." मामा ठाण्याला एका वकिलाकडे वीस वर्षं कारकून होते. माणसाने कागदावर काय सांगावं आणि काय सांगू नये हे त्यांना वकिलापेक्षा जास्त कळतं असं सगळे म्हणत. "विश्राम कसा आहे?"

 आतल्या खोलीत विश्राम भिंतीकडे तोंड करून निजला होता. भिंत आणि दार त्याला मंगळवारपासून सारखंच झालं होतं. सोमवारी दुपारी तो आणि त्याच्याबरोबर ओंडके फाडणारा दगडू करवत्या पडवीमागे बसून पॉलिशचं पाणी प्यायले. लाख खाली बसली की वर राहतं ते. दारूबंदी येऊन चार वर्षं झाली होती आणि कल्याणात पिणारे बरेच जण आता तेच पीत होते. मंगळवारी दोघं ओकून ओकून अर्धे झाले. बुधवारी उजाडता दगडू गेला. विश्राम वाचला. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोर बत्ती धरली, हलवली आणि विझवली. दगडूच्या कागदावर त्यांनी कारणही लिहून टाकलं.

"दिसतं का काही?" मामांनी विचारलं.

"पांढरं दिसतं म्हणतात," तुळसा आडूनच म्हणाली. "सगळं दुधासारखं."

मामांनी मान खाली घातली. मग धाकट्या भाच्याकडे, आनंदाकडे बघितलं. "पॉलिशचं काम तुझं. स्पिरिटचं परमिट तुझ्या नावावर. आजवर पिऊन कोणी मेलं नाही ते यावेळीच कसं?"

आनंदाच्या हातात पॉलिशचा बोळा होता. सकाळपासून तो तसाच धरून बसला होता. "तो डबा परमिटचा नव्हता मामा," तो म्हणाला.

शकू, त्याची बायको, पाळण्याची दोरी ओढायची थांबली.

"परमिटवर मिळतं ते फळीलाच संपत आलं. पाटलांना माघाच्या आधी पाहिजे. मग मी वालधुनीच्या पुलाखाली एकाकडून घेतला."

"पावती?"

"पुलाखाली कोण पावती देतं मामा?"

"मला म्हणालात परमिटचा आहे!" शकू उठून उभी राहिली. "माझ्या तोंडावर सांगितलंत!"

"शके, हळू बोल," आवडाबाई म्हणाल्या. "भिंतीला भिंत लागून आहे." त्या धाकट्या मुलाकडे वळल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "डबा तू आणलास. तर तूच सांग फौजदाराला. विश्रामचं आता काय राहिलंय? त्याला त्यात ओढू नको."

"म्हणजे ह्यांनी आत जायचं?" शकू म्हणाली. "आत्याबाई, डबा ह्यांनी आणला तो पलंगाला लावायला. प्यायले कोण? सोमवारीच प्यायले का? दोन वर्षं बाटल्या कमी होतात, ह्या घरात कोणाला ठाऊक नाही? तुम्ही स्वतः त्यांच्या कपड्यांना कापूर चोळत होता वास जावा म्हणून!"

"तुझ्या तोंडाला कोणी..."

"ताई, तुम्ही बोला ना!" शकू दाराकडे वळली. "नवरा तुमचा आहे."

 तुळसाने पदर दातात धरला होता. बोलायला तोंड उघडलं तर कुठून सुरुवात करावी लागेल ते तिला ठाऊक होतं.

मामांनी हात वर केला. "भांडू नका. कोणीच आत जायला नको." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दगडू इथे रोज यायचा. बाटल्या कुठे असतात त्याला माहीत. त्याने परमिटच्या बाटलीतलं चोरून नेलं, प्यायला, मेला. संपलं. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही."

बराच वेळ पाळणा आपोआप कुरकुरत राहिला.

"आणि दादाचे डोळे?" आनंदाने विचारलं.

"पॉलिश करताना स्पिरिट उडालं. त्याच दिवशी. योगायोग."

"पॉलिश मी करतो मामा. दादा हात लावत नाही."

"त्या दिवशी लावला. ऑर्डरची घाई होती. तो दुसरा डबा आहे अजून?"

"अर्धा आहे."

"आधी तो ओतून या. डबा चेपून पडक्या विहिरीत टाका."

शकू खाली बसली. तिने पाळण्याची दोरी पुन्हा हातात घेतली. एवढा वेळ ती सासूच्या समोर उभी होती. आता तिने सासूकडे असं बघितलं की जणू दोघींचं आधीच ठरलं होतं. "मामा म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "त्याला बिचाऱ्याला आता काय फरक पडणार?"

*

आनंदाने डबा उचलला. जया बादली घेऊन त्याच्या मागे आली. विश्रामची ही मुलगी सतरा वर्षांची होती. काठवटी घासून तेल मुरवायचं काम दोन वर्षं तीच करत होती आणि तिचे तळवे पुरुषासारखे खरबरीत झाले होते.

परसात मोरीच्या तोंडाशी आनंदाने बूच काढलं. तोच वास आला. पहिल्या दिवशी आला तोच. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, स्वस्तातलं आहे म्हणून असेल. फळीवर पहिला हात फिरवला तेव्हा लाख पांढरट उमटली होती. मग त्याने परमिटचं उरलेलं वर देऊन ते झाकलं. झाकलं म्हणून ती फळी चमकत होती.

"काका," जया म्हणाली, "दगडूकाका चोरी करेल का?"

"तू पाणी ओत."

"मी लहान असताना बाबांची पटाशी त्याच्या पिशवीत चुकून गेली तर तो वालधुनीहून परत आलेला. भर दुपारचा. चालत. मला आठवतं."

"जया, पाणी ओत म्हटलं ना."

तिने ओतलं. स्पिरिट मोरीतून वाहून गेलं तरी वास तिथेच राहिला. आनंदा डब्यावर पाय देऊन उभा राहिला आणि पत्रा चेपत गेला.

बाटल्या कमी होताना तो दोन वर्षं बघत होता. एकदा त्याने बाटलीवर नखाने खूण केली. दुसऱ्या दिवशी पातळी खुणेखाली होती. तरी तो बोलला नाही. बाप गेला तेव्हा आनंदा नऊ वर्षांचा होता. रंधा कसा धरायचा, धार कशी लावायची, लाकूड आपल्याला कुठे अडवतंय ते हाताला कसं कळतं, हे सगळं दादाने दिलेलं. अशा माणसाला तू चोरून पितोस असं कसं म्हणायचं? म्हणून त्याने नुसती बाटलीची जागा बदलली. दादाने ती शोधली. मग त्याने जागा बदलणंही सोडलं.

तो आतल्या खोलीत गेला. विश्रामने पावलांच्या आवाजाने मान वळवली. डोळे उघडे होते, पण ते आनंदाच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होते.

"ऐकलं मी सगळं," विश्राम म्हणाला. "मामा म्हणतात तसं सांगेन."

"दादा, तुला पटतं का?"

"पटायचं काय त्यात? तुझं पोर सहा महिन्यांचं आहे. परमिट गेलं तर पलंग कोण करेल? आणि मी काय करणार आता?" त्याने हात पुढे केला. आनंदाने तो धरला. "फळी पांढरट आली असेल ना?"

आनंदा दचकला. "तुला कोणी सांगितलं?"

"वासावरून. दगडू म्हणाला..." विश्राम थांबला. त्याने हात सोडवून घेतला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

"काय म्हणाला दगडू?"

"काही नाही. जा तू. फौजदाराला चहा लागेल, आईला आठवण कर."

*

चहाची आठवण आवडाबाईंना कोणी करून द्यायला नको होती. त्यांनी पितळी पातेलं घासून पुसून ठेवलं होतं. चांगले कप माळ्यावरून काढले होते. हात कामात असले की डोकं ठिकाणावर राहतं.

राजापूरकडच्या गावातून नवऱ्याची हत्यारं पोत्यात बांधून त्या कल्याणला आल्या तेव्हा विश्राम चौदाचा होता. नवरा तापात गेलेला. पारनाक्याजवळ गवताच्या पेंढ्या विकणाऱ्या एकाने त्यांना वळचणीला जागा दिली. त्या पोत्यातून एकेक हत्यार निघालं आणि त्यातून हे घर उभं राहिलं. हातात काम असलं की पोरं जगतात, एवढंच त्यांना कळत होतं. काम थांबलं तर काय होतं हेही त्यांनी बघितलं होतं. म्हणून विश्राम प्यायला लागला तेव्हा त्यांनी एकच बघितलं: त्याचा हात कापतो का? कापत नव्हता. पिऊनही तो केसाएवढी रेघ चुकत नव्हता. मग त्यांनी कापूर आणला.

दगडूला त्यांनी चौदा वर्षं जेवायला वाढलं होतं. मोठ्या करवतीचं एक टोक विश्रामकडे आणि एक त्याच्याकडे. ओंडका फाडून झाला की तो अंगावरचा भुसा बाहेर झटकून यायचा, आत घाण नको म्हणून. भाकरी संपली तर मागायचा नाही. त्या न विचारता वाढायच्या.

पातेल्यात पाणी ओतताना त्यांच्या हाताला हे सगळं एकदम आठवलं, आणि त्यांनी ते तिथेच थांबवलं. तो गेला. जे गेलं त्याला नाव चांगलं काय नि वाईट काय. इथे सात माणसं खाणारी आहेत.

तुळसा मागे येऊन उभी राहिली.

"तू आतच थांब," आवडाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "बायकांना कोणी विचारणार नाही."

"गंगुबाई येणार आहे."

आवडाबाईंचा हात थांबला. गंगुबाई म्हणजे दगडूची बायको. "इथे? कोणी बोलावली तिला?"

"फौजदाराने. तिलाही विचारायचंय म्हणे."

"मग विचारू दे. तिला काय माहीत? ती त्या दिवशी कामावर होती." आवडाबाईंनी साखरेचा डबा उघडला. "तुळसे, एक ऐक. आज जे बोलायचं ते तुझा नवरा बोलेल. त्याचं राहिलंय तेवढं तरी सांभाळ."

"आत्याबाई," तुळसा म्हणाली, "सोमवारी पेले मीच दिले."

"मला माहीत आहे."

"कांदा चिरून दिला. मीठ दिलं. दोघांना."

"मला माहीत आहे म्हटलं ना!" आवडाबाई ओरडल्या. मग बाहेर कोणी ऐकलं असेल म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं. "घराघरात बायका देतात. तू काय विष दिलंस? तुला काय ठाऊक त्यात काय होतं ते?"

 तुळसा तिथेच चुलीजवळ बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि चहा उकळेपर्यंत तशीच बसून राहिली.

*

विश्रामला पडवीत आणून खुर्चीवर बसवलं. खुर्ची त्याचीच होती. हाताला कडेची गोलाई लागली तेव्हा त्याला बरं वाटलं, मग लगेच वाईट वाटलं.

बूट वाजले. एक जोडी जड, एक हलकी. जड होते ते फौजदार. त्यांचा आवाज दमलेला होता. त्यांनी चहा घेतला. बशीत ओतल्याचा आवाज आला. शिपाई कागद काढून जमिनीवर बसला असावा, कारण टाकाची कुरकुर खालून येत होती.

"विश्राम मेस्त्री, तुमच्या तब्येतीमुळे तुम्हाला चौकीवर बोलावलं नाही. सांगा काय झालं."

विश्रामने सांगितलं. मामांनी दोनदा घोकून घेतलं होतं. दगडू सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पडवीत एकटा होता. परमिटच्या बाटलीतलं त्याने काढलं असणार. आम्हाला उशिरा कळलं. माझ्या डोळ्यांत पॉलिश करताना स्पिरिट उडालं.

बोलताना त्याला आपला आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. टाक कुरकुरत होता. मामा मधूनच खाकरत होते, म्हणजे ठीक चाललंय.

मग उंबऱ्याशी कोणीतरी आलं. पावलं अनवाणी. बाई असावी. लुगड्याची सळसळ आली, पण हाताचा आवाज आला नाही. बांगड्या नव्हत्या. त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"या गंगुबाई," फौजदार म्हणाले. "बसा. तुमच्या नवऱ्याबद्दल ह्यांनी सांगितलंय ते वाचून दाखवतो. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा."

शिपायाने वाचलं. सरकारी भाषा, एकसुरी. मयत दगडू याने मालकाच्या अपरोक्ष सदर बाटलीतून चोरून...

"चोरून?" गंगुबाई म्हणाली.

शिपाई थांबला.

"साहेब, चोरून म्हणजे काय? चौदा वर्षं तो ह्या पडवीत येत होता. एक खिळा घरी आणला नाही. ढलप्या जळणाला आणायचा त्या पण मेस्त्रींना विचारून." तिचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "मेस्त्री, मी भांडायला आले नाही. कपाळात होतं ते झालं. मी फक्त एक विचारायला आले. तो माझ्याशी बोललाच नाही. घरी आला तेव्हा जीभ जड झालेली. शेवटचं तुमच्याशी बोलला असेल. काय बोलला तेवढं सांगा."

 विश्रामने खुर्चीची कड घट्ट धरली.

"आम्ही... मी त्या वेळी तिथे नव्हतो," तो म्हणाला.

"साहेब, हे खोटं आहे."

तुळसाचा आवाज. दाराच्या आतून नव्हे, बाहेरून. ती पडवीत आली होती.

"तुळसे!" आवडाबाई.

"साहेब, लिहून घ्या," तुळसा म्हणाली.  "दगडूभाऊजींनी चोरलं नाही. दोघं मागे बसून प्यायले, हे आणि ते. पेले मी दिले. कांदा मी चिरून दिला. डोळ्यांत काही उडालं नाही. आणि ते परमिटचं नव्हतं. तो डबा दुपारी मोरीत ओतला. वास अजून आहे, जाऊन बघा."

कोणीतरी हुंदका दिला. शकू असावी. मामांच्या तोंडून "अगं बाई, अगं बाई" एवढंच येत राहिलं.

"डबा कोणी आणला?" फौजदारांनी विचारलं.

"मी आणला साहेब," आनंदा म्हणाला. "दादाला त्यातलं काही माहीत नव्हतं."

विश्रामला वाटलं, आता झालं. जेवढं बाहेर पडायचं तेवढं पडलं. आणखी काही बोलायची गरज नव्हती. तुळसाने सांगितलं त्यात तो पिणारा होता, एवढंच. पिणारे पुष्कळ असतात.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"दादा!"

"थांब आनंदा. गंगुबाई, तू विचारलंस ते ऐक. मी पेला भरला आणि त्याच्यापुढे केला. त्याने नाकाशी नेला आणि खाली ठेवला. म्हणाला, मेस्त्री, याचा वास निराळा आहे. नको. मी त्याला हसलो. म्हटलं, तू कधीपासून वास घ्यायला लागलास? पी. तो नको म्हणाला. दोनदा म्हणाला. मग मी म्हटलं, माझ्याबरोबर बसायचं नसेल तर उद्यापासून दुसरीकडे करवत ओढ." त्याने गंगुबाईच्या दिशेने मान वळवली. "मग प्यायला. माझ्या आधी प्यायला, आणि माझ्यापेक्षा जास्त, मला राग येऊ नये म्हणून."

टाकाचा आवाज येत नव्हता.

"आणि जाताना म्हणाला, आंबिवलीचा ओंडका उद्या उतरवायचाय, मी लवकर येतो. ते शेवटचं. घरचं काही बोलला नाही. खोटं कशाला सांगू?"

 गंगुबाई रडतेय का, त्याच्याकडे बघतेय का, गेली का, त्याला काहीच कळेना. पहिल्यांदाच त्याला आपण आंधळे झालोय याची भीती वाटली. तोंड दिसत नाही अशा माणसाची माफी कशी मागायची?

फौजदारांनी आधीचा कागद फाडला. नवा लिहायला अर्धा तास लागला. मग शिपायाने टाक विश्रामच्या बोटांत दिला. तिसरीपर्यंत शिकल्यामुळे त्याला सही येत होती, पण कुठे करायची ते दिसत नव्हतं. एका हाताने त्याचं मनगट धरलं आणि टाकाचं टोक कागदावर टेकवलं. तुळसाचा हात त्याने ओळखला.

"इथे," ती म्हणाली.

त्याने नाव लिहिलं. शेवटचं अक्षर कागदाबाहेर जमिनीवर गेलं.

*

आनंदाला तिथूनच नेलं. विश्रामला दुसऱ्या दिवशी टांग्यातून हजर करायचं ठरलं, पण तो म्हणाला आजच येतो. पायऱ्या उतरताना आनंदाने त्याचं कोपर धरलं.  शिपाई पुढे चालत होता आणि गल्लीतली माणसं दारात येऊन उभी होती.

ते दिसेनासे झाल्यावर शकू तुळसासमोर येऊन उभी राहिली. पोर तिच्या खांद्यावर होतं.

"तुमचा गेला होता म्हणून माझाही घालवलात," ती म्हणाली.

तुळसाने ते ऐकून घेतलं.

 चांगले कप आवडाबाईंनी एकेक धुतले, पुसले आणि माळ्यावर ठेवले. गंगुबाई केव्हा गेली हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्यासाठी ओतलेला चहा उंबऱ्याशी तसाच होता, त्यावर साय धरली होती.

आनंदाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. कोर्टाने विश्रामची अवस्था बघितली आणि तरीही तीन महिने दिले. परमिट रद्द झालं. पाटलांनी माणसं पाठवून पलंग आणि कपाट कोरडंच उचलून नेलं, ठाण्यात दुसऱ्याकडून पॉलिश करून घ्यायला. काठवटी त्यांनी घेतल्या नाहीत. ज्या घरात पेला देऊन माणूस मारला त्या घरातल्या काठवटीत लग्नाची कणीक मळायची नाही, असं त्यांच्या घरच्या बायकांनी सांगितलं म्हणे. शकू पोर घेऊन माहेरी गेली. आवडाबाईंनी पडवीच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडली आणि त्या तिच्यावर एकट्यापुरतं शिजवू लागल्या. जया समोरच बसून लाकूड तासायची. आजी आणि आई या दोघींमधले निरोप तिलाच इकडून तिकडे न्यावे लागत.

हे सगळं व्हायच्या आधीच, दगडूच्या दहाव्याला, तुळसा वालधुनीला गेली होती. रेल्वेच्या रुळांपलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. शेवटच्या खोलीचं दार उघडं होतं. गंगुबाई आत तांदूळ निवडत बसलेली. तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा सुपात घातली.

तुळसाने येताना काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. ती उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसली.

आतून गंगुबाई म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तर तो चोर म्हणून गेला असता."

"हो."

"आता मूर्ख म्हणून गेला. मेस्त्रीला राग येऊ नये म्हणून प्यायला." तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला. तो तुळसाच्या पायाशी पडला. "मला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं. आणि कळलं नसतं तर मी रोज विचारत बसले असते."

 गंगुबाईने तिला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ऊन सरकून उंबऱ्यावर आलं. आत तांदूळ संपले, तेव्हा गंगुबाईने डाळ ओतून घेतली, आणि थोडी दुसऱ्या ताटलीत काढून, तुळसाकडे न बघता, ती ताटली उंबऱ्यावर सरकवली.

तुळसा डाळ निवडू लागली.